कॅलिपर पिनेचं ग्रीस निवडताना आधी रबर बघा

पुढचे ब्रेक पॅड बदलायला काढले आणि एकाचं मटेरियल पत्र्याला टेकलेलं, दुसऱ्याचं निम्म्याहून जास्त शिल्लक, असं दिसलं तर पॅडच्या दर्जाला दोष देऊ नका. नवी जोडी घातली तरी पुन्हा तेच होणार. दुखणं पॅडमध्ये नाही, पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो तिथे आहे. आणि बऱ्याचदा त्या पिना कोरड्या पडलेल्या नसतात. त्यांना भरपूर ग्रीस लावलेलं असतं, पण चुकीचं.

चुकीचं ग्रीस कोरड्या पिनेपेक्षा वाईट. कोरडी पिन गंजायला एखादा पावसाळा घेते. चुकीचं ग्रीस थोड्याच दिवसांत पिनेभोवतीचं रबर फुगवतं, आणि फुगलेलं रबर पिनेला आतून आवळून धरतं.

पिनेवर भार किती, काम कसलं

स्प्लेंडर, युनिकॉर्न, पल्सर १५०, अपाचे आरटीआर १६०, क्लासिक ३५०, ॲक्सेस १२५ अशा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या डिस्कला तरंगता, म्हणजे फ्लोटिंग कॅलिपर असतो. पिस्टन एकाच बाजूला, बहुधा बाहेरच्या. लिव्हर दाबला की पिस्टन बाहेरचा पॅड डिस्कवर दाबतो. त्याच जोराच्या उलट धक्क्याने कॅलिपरचं अख्खं शरीर दोन पिनांवरून बाहेर सरकतं आणि आतला पॅड दुसऱ्या बाजूने डिस्कवर ओढून आणतं. पिना सरकल्या नाहीत तर ब्रेक एकाच पॅडने लागतो.

ड्यूक ३९०च्या पुढच्या चाकाला चार पिस्टनचा स्थिर रेडियल कॅलिपर आहे. त्यात दोन्ही बाजूंना पिस्टन असल्यामुळे सरकत्या पिना नाहीतच. त्याच गाडीच्या मागच्या चाकाचा कॅलिपर मात्र तरंगता आहे. त्यामुळे आपल्या गाडीला पिना आहेत की नाहीत हे आधी पाहून घ्या. कॅलिपर हाताने आतबाहेर किंचित हलला तर तो तरंगता.

पिनेची हालचाल अगदी थोडी असते. प्रत्येक ब्रेकला मिलिमीटरचा काही अंश, आणि पॅड झिजत जाईल तशी वर्षभरात काही मिलिमीटर. चाकाच्या बेअरिंगसारखं सतत फिरणं नाही, चेनसारखा ओढ-ताण नाही. म्हणून इथे जबर दाब पेलणारं ग्रीस लागत नाही. पिनेच्या ग्रीसची कामं तीन: पाणी आत येऊ न देणं, गंज रोखणं, आणि रबराला धक्का न लावता पिन हलकी ठेवणं. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, आणि तिथेच चूक होते.

रबर कसलं आहे?

आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे तेल नाही. ग्लायकॉल ईथर कुळातला तो द्रव आहे. हवेतला ओलावा ओढून घेतो, पाण्यात सहज मिसळतो. त्याला टिकेल असं रबर म्हणून पिस्टनची सीलं ईपीडीएम रबराची करतात, आणि पिनांवर पाणी-धूळ अडवायला घातलेली बूट रबरंही बहुतेक ईपीडीएमचीच असतात. हे रबर पाणी सोसतं, ऊन सोसतं, ब्रेक ऑइल सोसतं. एक गोष्ट मात्र त्याला अजिबात सोसत नाही: खनिज तेल. ईपीडीएम आणि खनिज तेल दोन्ही हायड्रोकार्बनच, एकाच प्रकृतीचे. म्हणून रबर ते तेल स्पंजासारखं पिऊन घेतं.

इंजिनची ऑइल सीलं, पेट्रोलचे पाइप यांचं रबर वेगळं. ते नायट्राइल. त्याला खनिज तेल चालतं आणि ब्रेक ऑइल चालत नाही, म्हणजे नेमकं उलट. गॅरेजमध्ये बेअरिंगसाठी उघडलेला ग्रीसचा डबा वर्षानुवर्षं ऑइल सीलांवर बिनतक्रार चालतो. त्यामुळे तेच बोट पिनेलाही फिरतं, आणि इथे मात्र तो अनुभव फसवतो.

खनिज तेल प्यायलेलं बूट रबर बोटांत धरलं की लगेच कळतं. चांगलं रबर घट्ट आणि कोरडं लागतं, दाबून सोडलं की टणकन मूळ आकारात येतं. फुगलेलं रबर मऊ आणि बुळबुळीत लागतं. त्याच्या ओठाची गोल कड सरळ राहत नाही, परकराच्या झालरीसारख्या लाटा घेते. ज्या खाचेत ते बसायला हवं तिथे बसवलं तरी एका बाजूने पुन्हा वर येतं. नखाने घासलं तर नखाला काळं लागतं. असं रबर धुऊन, वाळवून परत घालू नका. ते फेकायचं.

काही कॅलिपरांत एका पिनेवर घडीचं, भात्यासारखं बूट असतं आणि दुसरी पिन कॅलिपरच्या भोकात बसवलेल्या लांब रबरी नळीतून जाते. ही नळी जास्त धोक्याची. तिच्याभोवती ॲल्युमिनियमची भिंत असते. फुगल्यावर बाहेर पसरायला तिला जागाच नाही, मग ती आतल्या बाजूला वाढते आणि पिनेवर मूठ आवळल्यासारखी बसते. असा कॅलिपर दोन्ही हातांनी ढकलला तरी हलत नाही, आणि पिन उपसून काढली तर वर भरपूर, स्वच्छ ग्रीस दिसतं. ‘ग्रीस तर आहे की’ म्हणून ती पुन्हा तशीच बसवली जाते.

डबीवरचे १,००० अंश विसरा

बाजारात ब्रेकचं म्हणून जे ग्रीस मिळतं त्याच्या डबीवर मोठ्या अक्षरांत तापमान छापलेलं असतं. पिनेसाठी त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. पिन डिस्कला टेकत नाही, पॅडच्या मटेरियललाही टेकत नाही. शिवाय ती ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसते त्याच ठोकळ्यात ब्रेक ऑइलही आहे. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळायला हवं, आणि ओलावा शोषल्यानंतर किमान १५५ अंशांना, असं प्रमाण आहे. डॉट ३साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. पिनेभोवतीचा धातू सतत २०० अंशांवर राहू लागला तर ग्रीसच्या आधी ब्रेक ऑइल उकळेल आणि लिव्हर हँडलला टेकेल. म्हणून साधारण २०० अंशांपर्यंत टिकणारं ग्रीस पिनेला पुष्कळ झालं. चांगलं सिलिकॉन ग्रीस तेवढं सहज टिकतं.

चालणारी ग्रीसं

पहिली पसंती सिलिकॉन ग्रीसला. सिलिकॉन तेल घट्ट करायला त्यात बारीक सिलिका घातलेली असते. दिसायला दुधट, अर्धपारदर्शक, बोटावर घेतलं तर ताणलं जातं. ईपीडीएमला ते फुगवत नाही, पाण्याने सहजी धुऊन जात नाही, थंडीत दगड होत नाही. मॉलिकोट १११ हा याच जातीचा, उणे ४० ते साधारण २०० अंशांपर्यंतचा माल आहे, आणि वॉल्व्ह, ओ-रिंगसाठी तो औद्योगिक मालाच्या दुकानांत मिळतो. जपानी गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कॅलिपर पिनेपुढे बहुधा नुसतं ‘सिलिकॉन ग्रीस’ एवढंच लिहिलेलं असतं. डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणून स्पार्क प्लगच्या कॅपसाठी जे विकतात तेही मुळात सिलिकॉनच असतं. हाताशी दुसरं काही नसेल तर पिनेला ते चालतं, फक्त गंज रोखण्याची वेगळी रसायनं त्यात नसू शकतात. किनारपट्टीवर म्हणूनच ब्रेकसाठी बनवलेलं घ्यावं.

दुसरी जात ग्लायकॉल ग्रीसची. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ‘लिथियम सोप बेस ग्लायकॉल ग्रीस’ असा शब्द येतो. इथे नीट लक्ष द्या, कारण ‘लिथियम म्हणजे वाईट’ असा एक समज पसरला आहे. लिथियम साबण हा ग्रीस घट्ट करणारा पदार्थ, जसं पिठलं घट्ट करायला बेसन. रबराला त्रास बेसनाचा होत नाही, आत मुरलेल्या तेलाचा होतो. लिथियमबरोबर ग्लायकॉल असेल तर ईपीडीएम सुखरूप, खनिज तेल असेल तर नाही. म्हणून डबीवर नुसता लिथियम शब्द पाहून घेऊ नका आणि टाकूनही देऊ नका. मूळ तेल कोणतं, ते शोधा.

तिसरं लाल रबर ग्रीस. याच्या मुळाशी एरंडेल तेल असतं आणि ब्रेकच्या रबराशी त्याचं जुनं सख्य आहे. पिस्टनची सीलं बसवताना ते उत्तम. पिनेलाही चालतं, पण सिलिकॉनइतके दिवस टिकत नाही, म्हणून लावलंच तर वर्षाच्या आत पुन्हा काढून बघा. एरंडेल चालतं म्हणून घरातली एरंडेलाची बाटली पिनेवर ओतू नका. नुसतं तेल वाहून जातं आणि उरलेलं गोंदासारखं चिकट होतं. खोबरेल तर हिवाळ्याच्या पहाटे गोठतं.

सिरॅमिक किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) घातलेली कृत्रिम ग्रीसंही असतात. डबीवर ईपीडीएमसाठी सुरक्षित असं स्पष्ट छापलेलं असेल तर पिनेला चालतील. तरी रबरी नळीतून जाणाऱ्या पिनेला आमची पसंती साध्या सिलिकॉनलाच. घन कणांचं ग्रीस अरुंद जागेत कालांतराने सुकून लगदा होतं.

न चालणारी, आणि रंगाचा फसवा खेळ

एपी३ किंवा एमपी३ नावाचं पिवळट-तपकिरी ग्रीस प्रत्येक गॅरेजमध्ये असतं. नावातला ३ हा घट्टपणाचा एनएलजीआय अंक. हे खनिज तेलात लिथियम साबण घालून केलेलं बेअरिंग ग्रीस आहे. चाकाच्या बेअरिंगला आणि स्टिअरिंगच्या कोनसेटला ते चांगलं, पिनेला नाही. व्हॅसलीन, चेन ल्युब, इंजिन ऑइल, गंज सोडवायचे स्प्रे, ही सगळी पेट्रोलियमच्याच घरची मंडळी. यातलं काहीही पिनेवर नको.

तांब्याचं अँटी-सीझ ग्रीसही पिनेला नको, मग ते कितीही ब्रेकचं म्हणून विकू देत. त्याचं मूळ तेल बहुधा खनिज असतं. ते उडून गेलं की तांब्याची पूड उरते, आणि ॲल्युमिनियमच्या भोकात ओलाव्याबरोबर तांबं राहणं म्हणजे ॲल्युमिनियमच्या गंजाला आमंत्रण.

आता रंग. पांढरं सिलिकॉन आणि ‘व्हाइट ग्रीस’ या नावाने मिळणारं पांढरं लिथियम ग्रीस शेजारी शेजारी ठेवलं तर नवख्याला फरक कळत नाही. सिलिकॉनच्या पातळ थरातून बोटाच्या रेषा दिसतात. पांढरं लिथियम चुन्यासारखं अपारदर्शक असतं आणि त्यात बहुधा खनिज तेल असतं. त्याहून मोठा सापळा लाल रंगाचा. लाल रबर ग्रीसही लाल, आणि जड गाड्यांच्या बेअरिंगचं उच्च तापमानाचं ग्रीसही लालच. एक रबराला सांभाळतं, दुसरं फुगवतं. म्हणून डबीतून काढून प्लास्टिकच्या पिशवीत सुटं दिलेलं ग्रीस ब्रेकसाठी कधीच घेऊ नका, दुकानदार ओळखीचा असला तरी.

एक अपवादही सांगायला हवा. बाहेरच्या बनावटीची काही रंगीत, फार लवचीक बूट रबरं सिलिकॉन रबराची असतात. तिथे सिलिकॉन ग्रीसच रबराला फुगवतं, कारण पुन्हा तेच: सारख्याला सारखं पितं. अशा रबरांवर ग्लायकॉल ग्रीस वापरा, किंवा सरळ कंपनीची काळी रबरं आणून बसवा. दुसरा मार्ग सोपा.

शंका असेल तर घरी करायची परीक्षा

जुनं पण न फुगलेलं एक बूट रबर घ्या, कात्रीने त्याचे दोन सारखे तुकडे करा. व्हर्नियरने प्रत्येकाची जाडी आणि लांबी मोजून कागदावर लिहा. एक तुकडा शंका असलेल्या ग्रीसमध्ये पूर्ण बुडवून बाटलीत ठेवा, दुसरा कोरडाच दुसऱ्या बाटलीत. दोन्ही बाटल्या गच्चीवर उन्हात ८ दिवस राहू द्या, उष्णतेने परिणाम लवकर दिसतो. मग पहिला तुकडा फडक्याने कोरडा पुसून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल, रबर मऊ पडलं असेल, तर ते ग्रीस बेअरिंगच्या कपाटात गेलं पाहिजे. माप तेच राहिलं आणि दोन्ही तुकडे बोटांना सारखेच लागले, तर चालेल.

लागणारं सामान

१२ आणि १४चे बॉक्स पाने, ५ची ॲलन की, चपटा स्क्रूड्रायव्हर, टॉर्क पाना, जुना टूथब्रश, कानातले कापसाचे बड्स, सुती फडकी, नायट्राइलचे हातमोजे, फूटभर दोरी. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं. नवी बूट रबरं आधीच आणून ठेवा. ग्रीस एका पिनेला ०.४ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे वाटाण्याच्या एका दाण्याएवढं. १० ग्रॅमची नळी घरातल्या दोन गाड्यांना काही वर्षं पुरते. इतक्या थोड्या मालासाठी स्वस्तातलं शोधत बसण्यात काही मिळवायचं नाही.

काढणं आणि धुणं

गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पॅड ज्या पिनेवर लटकतात ती पॅड पिन आणि कॅलिपर ज्यावर सरकतो त्या सरकत्या पिना, या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅड पिन ॲलन कीची असेल तर कॅलिपर फोर्कवर पक्का असतानाच ती अर्धा फेरा सैल करून ठेवा. कॅलिपर हातात आल्यावर ती सुटता सुटत नाही.

मग फोर्कचे दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून बाहेर घ्या आणि दोरीने फोर्कला टांगा. ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका. एबीएसची गाडी असेल तर सेन्सरची तार ताणली जात नाही ना, हे पाहा. आता ब्रेकचा लिव्हर कोणीही दाबायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. घरात लहान मुलं असतील तर लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून ठेवा.

पॅड काढा. फोर्कला बोल्टने बसणारा भाग, म्हणजे ब्रॅकेट, एका हातात, कॅलिपर दुसऱ्या हातात धरून सरळ ओढा. पिना सुटत नसतील तर ओढण्याआधी जरा पिळा. चिकटलेली पिन ओढण्यापेक्षा वळवण्याने लवकर मोकळी होते. गंज सोडवायचा स्प्रे मारावाच लागला तर मारा, पण मग ती रबरं गेलीच असं समजून नवी घाला. दोन पिना सारख्या दिसल्या तरी लांबी किंवा खाच वेगळी असू शकते. कोणती वरची, कोणती खालची, याचा फोटो काढून ठेवा.

आता धुणं, आणि या कामात घाई करू नका. जुनं ग्रीस सगळंच्या सगळं निघालं पाहिजे. सिलिकॉनवर खनिज किंवा खनिजावर सिलिकॉन चढवलं तर खालचं खनिज तेल रबर फुगवतच राहतं. पिन फडक्याने पुसा, मग अल्कोहोलने. भोकात बड घालून फिरवा, बाहेर काढा, बघा. पहिले दोन-तीन बड काळे निघतील. पांढरा बड पांढराच बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने रबर धुऊ नका. स्वच्छ दिसतं, पण फुगण्याची सुरुवात तिथेच होते.

पिनेवरून नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा असेल तर पिन बदला. नुसता हलका गंज असेल तर १,००० नंबरच्या पॉलिश पेपरने फिरवून काढा, पण वरचा चकचकीत मुलामा घासून काढू नका. मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. पिन वाकडी वाटली तर काचेवर लोळवून बघा.

पिस्टन मागे ढकलायचा असेल, आणि नवे पॅड घालताना तो ढकलावाच लागतो, तर आधी त्याचा बाहेर आलेला भाग साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने स्वच्छ करा. घाण घेऊन आत गेलेला पिस्टन सील कापतो. ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा. ब्रेक ऑइल वर येऊन सांडलं तर पेट्रोलच्या टाकीच्या रंगाचे पोपडे निघतात. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

लावणं

नवी रबरं आधी बसवा आणि त्यांची कड खाचेत सगळीकडून बसली आहे याची बोटाने फिरवून खात्री करा. रबराच्या ओठाच्या आत किंचित ग्रीस लावा. पिनेवर पातळ, सलग थर द्या, धातूचा रंग दिसत राहील इतकाच. पिनेला आडव्या खाचा किंवा चपटी बाजू असेल तर खाचा भरा, चपटी बाजू मात्र रिकामी ठेवा. ती हवा बाहेर जाण्याची वाट आहे.

‘थोडं जास्तच लावू’ हा विचार इथे महाग पडतो. पिनेचं भोक एका टोकाला बंद असतं. तळाशी ग्रीसचा गोळा किंवा हवा कोंडली तर ती पिनेला सिरिंजच्या दट्ट्यासारखी मागे ढकलते. मग आतला पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो. तपासणी सोपी आहे: पिना घातल्यावर कॅलिपर पूर्ण आत दाबा आणि हात सोडा. जिथे सोडला तिथेच राहिला तर ठीक. आपोआप बाहेर आला तर बूट रबराची कड बोथट काडीने जरा उचला, हवा फुस्सकन जाऊ द्या, कड पुन्हा बसवा. तरीही बाहेर येत असेल तर पिन काढून ग्रीस कमी करा.

कॅलिपर दहा-बारा वेळा आतबाहेर सरकवा. हालचाल मलईसारखी, सगळीकडे सारखी लागली पाहिजे. मध्येच कुठे अडलं तर तिथे घाण किंवा खड्डा राहिला आहे.

पॅडला हात लावण्याआधी हातमोजे बदला. सिलिकॉनचा बोटभर डाग पॅडच्या मटेरियलवर लागला तर तो पॅड वाचवता येत नाही. पॅडच्या पाठीमागच्या पत्र्याला किरकिर होऊ नये म्हणून काही लावायचं असेल तर सिरॅमिक पेस्ट, तीही नखभर. पिनेचं सिलिकॉन तिथे नको, आणि पॅडची पेस्ट पिनेला नको. लिव्हरच्या बोल्टला आणि मास्टर सिलिंडर दाबणाऱ्या दांडीच्या टोकाला मात्र हेच सिलिकॉन ग्रीस उत्तम.

पॅडची स्प्रिंग काढताना जशी होती तशीच बसवा. बोल्ट आवळताना गाडीच्या मॅन्युअलचा आकडा पाहा. लहान गाड्यांवर एम८चे कॅलिपर बोल्ट साधारण २२ ते ३० न्यूटन-मीटर आणि पॅड पिन १७-१८च्या घरात असते, पण ठरवायचं ते मॅन्युअलने.

पहिली किक मारण्याआधी लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून कडक करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिले चार-पाच दाब पोकळ जातात. हे रस्त्यावर कळलं तर समोरची रिक्षा आपली वाट बघत थांबणार नाही. ऑइलची पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे ना बघा, चाक हाताने फिरवा, मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात आठ-दहा ब्रेक मारून बघा.

पॅड काय सांगतात

पिस्टनच्या बाजूचा पॅड जास्त झिजलेला असेल तर दोन्ही पिना आखडल्या आहेत. एकच पॅड पाचरीसारखा, एका टोकाला पातळ आणि दुसऱ्याला जाड झिजला असेल तर दोन पिनांपैकी एक अडकली आहे. डिस्कवर निळसर पट्टा उठला, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायला जड लागली, ॲव्हरेज घटलं, तर ब्रेक सुटत नाही आहे. इथे पिनांबरोबर पिस्टनचं सीलही तपासा, कारण लक्षण सारखंच असतं. लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जात असेल तर कॅलिपर न सरकता वाकून काम करतो आहे, असं होऊ शकतं. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, पण एबीएस फक्त लॉक होणाऱ्या चाकाचा दाब कमी करतं. अडकलेल्या पिनेमुळे न लागलेला ब्रेक ते लावून देत नाही.

किती दिवसांनी

पॅड बदलताना दर वेळी, नाहीतर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा. वर्षातून एकदाच करणार असाल तर मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटी करा. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर दसऱ्याच्या सुमाराला आणखी एकदा. वॉशिंग सेंटरला गाडी दिली तर जेटचा फवारा कॅलिपरच्या रबरांवर जवळून मारू नका, असं मारणाऱ्याला आवर्जून सांगा. त्या दाबाने पाणी बूट रबराच्या ओठातून आत जातं आणि आतलं पाणी सुकायला वाट नसते.

काम झाल्यावर त्या दिवशीची दोन्ही पॅडची जाडी आणि किलोमीटरचा आकडा पान्यांच्या डबीच्या झाकणावर किंवा सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. २,००० ते ३,००० किलोमीटरनंतर टॉर्च मारून पुन्हा बघा. दोन्ही पॅड सारखे उतरत असतील तर ग्रीस बरोबर बसलं. एक झपाट्याने उतरत असेल तर कॅलिपर पुन्हा काढा, आणि पिनेआधी रबर बोटांत धरून बघा.